पाव टाकी पेट्रोल

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय असा आहे की घरातले निम्मे वाचक दुसऱ्या परिच्छेदातच जांभई देतील. पण ताई, आत्या, जरा थांबा. गोष्ट विमानांपासून सुरू होत असली तरी ती तुमच्या पोरांच्या इतिहासाच्या समजुतीपर्यंत जाते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: संगणकावर लढाऊ विमान उडवण्याचे जे खेळ असतात, त्यातले काही स्वतःला खेळ म्हणवून घेत नाहीत. ते 'सिम्युलेटर' असतात. म्हणजे नुसतं बटण दाबून ढिशुम ढिशुम नाही. इंजिन तापतं, रेडिएटर उघडावा लागतो, जोरात वळलात तर विमान गिरकी खात खाली येतं. २००१ साली आलेला 'आयएल-२ स्टुर्मोविक' हा त्यातला आमच्या पिढीचा लाडका. त्यानंतर असे बरेच आले. या सगळ्यांच्या जाहिरातीत एक वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात असतंच: विमानांची कामगिरी ऐतिहासिकदृष्ट्या अचूक आहे. आणि हे वाक्य ऐकलं की माझं डोकं सटकतं.

खेळ वाईट आहेत असं मी म्हणत नाही. मी स्वतः रात्री-रात्री जागून खेळलोय (आईला विचारा, नको, नकाच विचारू). बनवणाऱ्यांनी ढोर मेहनत घेतलेली असते. माझं भांडण 'ऐतिहासिक' या शब्दाशी आहे. यांचं अचूक असतं ते कोष्टक. कोष्टक म्हणजे इतिहास नव्हे.

आता कोष्टक म्हणजे काय ते बघू. समजा प्रश्न आहे, १९४० च्या ब्रिटनच्या लढाईतलं स्पिटफायर मार्क १ जास्तीत जास्त किती वेगाने जायचं? सरळ प्रश्न वाटतो ना? ब्रिटिशांनी स्वतः घेतलेल्या चाचण्यांचे अहवाल आहेत. १९३८ च्या एका विमानाने, ज्याला लाकडी, दोन पात्यांचा, कोन न बदलणारा पंखा होता, साधारण साडेअठरा हजार फुटांवर ताशी ३६२ मैल गाठले. १९४० च्या दुसऱ्या एका विमानाने, ज्याला आधुनिक, आपोआप कोन बदलणारा तीन पात्यांचा पंखा होता, जवळजवळ त्याच उंचीवर ३५४ मैल गाठले. म्हणजे दोन वर्षं सुधारणा करून विमान हळू झालं! कारण मधल्या काळात त्याला गोळी अडवणारी जाड काच बसली, टाकीवर चिलखत आलं, वजन वाढलं. पण चढायला ते आता कितीतरी सरस होतं, आणि मुख्य म्हणजे वैमानिक जिवंत परत येण्याची शक्यता वाढली होती. दोन्ही विमानांचं नाव एकच, मार्क १. आता सांगा, खेळात कुठला आकडा घालायचा?

इथेच संपत नाही. १९४० मध्ये ब्रिटिश लढाऊ तुकड्यांना ८७ ऐवजी १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळायला लागलं. त्यामुळे मर्लिन इंजिनात सव्वासहा पौंडांऐवजी बारा पौंडांचा दाब देता येऊ लागला आणि समुद्रसपाटीला सुमारे २५ मैल, दहा हजार फुटांवर सुमारे ३४ मैल वेग वाढला. पण ही जादा ताकद फक्त पाच मिनिटांसाठी. ती घ्यायची तर एक बारीक तार तोडावी लागायची, आणि उतरल्यावर तसं सांगावं लागायचं म्हणजे इंजिनाच्या वहीत त्याची नोंद होई. ऑगस्ट १९४० च्या सुरुवातीला फायटर कमांडचे प्रमुख डाउडिंग यांना तंबी द्यावी लागली की बाबांनो, ही ताकद खरोखर जिवावर बेतलं तरच वापरा, इंजिनं खलास होतायत.

खेळात काय होतं? पोरगा उड्डाण केल्यापासून खटका दाबून बसतो. चांगल्या खेळात पाच-सात मिनिटांनी इंजिन बंद पडतं, तेवढंच. पण नवीन डाव सुरू केला की नवीन इंजिन. काल त्याच इंजिनाला कुणी कुटलं होतं का, उद्या ते कुणाला वापरायचंय का, तारेची नोंद बघून कुठल्या मेकॅनिकची रात्र गेली, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. १९४० च्या वैमानिकाला होतं. त्याच्या हातातलं विमान हे कालच्या वापराची बेरीज होती.

आपल्याकडे स्कूटर घेताना कंपनी मायलेज सांगते ते कुणी खरं मानतं का? विक्रेता सांगणार एक, गल्लीतला मेकॅनिक सांगणार दुसरं, आणि बाबा टाकी भरून वहीत लिहून ठेवणार ते तिसरंच. स्कूटरच्या बाबतीत आपण इतके शहाणे आहोत. विमानाचा आकडा आला की मात्र अहवालाची पिवळी पानं बघून भक्तिभावाने हात जोडतो.

बरं, अहवाल तरी कुणाचा मानायचा? १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये एक जर्मन मेसरश्मिट १०९ फ्रान्समध्ये चुकून उतरलं. फ्रेंचांनी ते तपासलं, मग १९४० मध्ये ब्रिटिशांकडे दिलं, आणि फार्नबरोला त्याची कसून परीक्षा झाली. निष्कर्ष: स्पिटफायर त्याच्यापेक्षा लहान वर्तुळात वळतं. तिकडे रेखलिनच्या चाचणी केंद्रात जर्मनांनी हाती लागलेली ब्रिटिश विमानं उडवली. वेर्नर म्योल्डर्स या नामांकित वैमानिकाचं मत: स्पिटफायर उडवायला सुरेख, पण लढायला टाकाऊ. मग खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. फार्नबरोच्या वैमानिकांना १०९ च्या पंखांच्या पुढच्या कडेला असलेल्या, मंद वेगात आपोआप उघडणाऱ्या पट्ट्यांची सवय नव्हती. वळता वळता त्या उघडल्या की दांड्याला हिसका बसे. मुरलेला जर्मन वैमानिक तो हिसका पचवून आणखी आत वळे. आणि म्योल्डर्सच्या हातात जे स्पिटफायर होतं त्याला फक्त दोनच कोनांचा पंखा होता. त्याची एक तक्रार त्या पंख्याबद्दलच होती. ब्रिटिशांनी तर त्याच उन्हाळ्यात आपली सगळी स्पिटफायर तुकड्यांच्या तळांवर जाऊन नव्या पंख्याची करून टाकली होती. म्योल्डर्सची दुसरी तक्रार मात्र शंभर टक्के खरी होती: नाक झपकन खाली घातलं की मर्लिनचा कार्बोरेटर दगा द्यायचा आणि इंजिन क्षणभर गप्प व्हायचं, तर जर्मन इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असल्याने त्याला काही होत नसे. (या दुखण्यावर १९४१ मध्ये बिआट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी छोट्याशा चकतीचा उपाय काढला. या बाई फावल्या वेळात मोटरसायकलच्या शर्यती मारायच्या. त्यांच्यावर वेगळं लिहायला हवं.)

म्हणजे प्रत्येक आकड्यामागे एक विमान असतं, एक पेट्रोल असतं, एक हवा असते, आणि एक माणूस असतो ज्याला ते विमान नीट येतं किंवा येत नाही. हे चार सोडून आकडा उचलला की तो इतिहास उरत नाही.

पण खेळाडूंना हे ऐकायचं नसतं. त्यांना आपलं लाडकं विमान जिंकायला हवं असतं. मग जर्मन विमानाचा भक्त जर्मन कारखान्याचा तक्ता आणतो (कारखान्याचा! विकणाऱ्याचा!), स्पिटफायरवाला फार्नबरोचा, रशियनवाला मॉस्कोचा. आपल्याला सोयीचा तो 'मूळ दस्तऐवज', दुसऱ्याचा तो 'प्रचार'. ही खाज किती टोकाला जाते बघा: २०२१ मध्ये 'वॉर थंडर' या खेळात चॅलेंजर २ हा ब्रिटिश रणगाडा चुकीचा दाखवलाय हे सिद्ध करायला एका महाभागाने त्या रणगाड्याच्या गोपनीय पुस्तिकेतली पानंच सगळ्यांसमोर ठेवली. खेळातल्या रणगाड्यासाठी खऱ्या सैन्याचं गुपित! यातला कुणीही इतिहास शोधत नसतो. हे वकील आहेत, आणि अशील आधीच ठरलेलं आहे.

आता या सगळ्यातली मला सर्वात चीड आणणारी गोष्ट सांगतो. पेट्रोल.

खेळात उडण्याआधी विचारतात, टाकी किती भरू? जो तो पाव टाकी सांगतो. का तर विमान हलकं होतं, पटकन चढतं, चटकन वळतं. आणि मग त्या पाव टाकीवर मिळालेल्या विजयावरून निकाल दिला जातो की १०९ हे स्पिटफायरपेक्षा श्रेष्ठ होतं. अहो पण १९४० मध्ये १०९ वाल्याला पाव टाकी घेऊन जायची सोयच नव्हती! तो फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघणार, खाडी ओलांडणार, बाँबफेक्या विमानांची वाट बघत घिरट्या घालणार, त्यांच्या बरोबरीने लंडनपर्यंत जाणार आणि परत येणार. टाकी चारशे लिटरची. ती काठोकाठ भरूनसुद्धा लंडनवर लढायला त्याच्याकडे जेमतेम दहा मिनिटं उरत. त्याचा एक डोळा आकाशावर आणि दुसरा पेट्रोलच्या काट्यावर. खाली उतरलेले इंग्रज वैमानिक चहा पिऊन पुन्हा उडत. हे उतरले तर कैदेत, नाहीतर खाडीच्या गार पाण्यात.

ब्रिटनच्या लढाईत १०९ ची 'कामगिरी' म्हणजे हे. ही त्या विमानाच्या वेगाइतकीच, किंबहुना जास्त, खरी ऐतिहासिक गोष्ट आहे. आणि ती टाकीच्या एका पर्यायात उडवून लावली जाते. वेग मैलाच्या फरकाने बरोबर, आणि लढाई साफ खोटी.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, पोरांचा खेळ आहे. तर आमच्या भाच्याने मध्यंतरी मला विचारलेला प्रश्न ऐका. "मामा, जर्मनांची विमानं एवढी भारी होती तर ते हरले कसे?" कार्टं हुशार आहे. खेळात त्याने जे पाहिलं त्यावरून निघणारा हा अगदी रास्त प्रश्न आहे. आणि खेळात त्याचं उत्तर कुठेच नाही. मग तो उत्तर बाहेर शोधतो, आणि बाहेर त्याला 'जर्मन इंजिनिअरिंग'ची आरती करणारे भेटतात. आपल्याकडे तर असे काका प्रत्येक लग्नात एक तरी असतातच. रोमेल, पाणबुड्या, आणि 'आणखी सहा महिने मिळाले असते तर'.

त्या काकांचं आवडतं विमान म्हणजे मेसरश्मिट २६२, प्रत्यक्ष लढाईत उतरलेलं पहिलं जेट लढाऊ विमान. वेग ताशी ८७० किलोमीटर. खेळातही तेवढाच. काही खेळांत थ्रॉटल झटक्यात पुढे ढकलला तर इंजिन पेट घेतं, हे त्यांनी खरोखर छान केलंय, त्याबद्दल शाबासकी. पण ते इंजिन नाजूक का होतं? कारण निकेल आणि क्रोमियम मिळत नव्हतं. उष्णता सोसणारी मिश्रधातू बनवता येत नव्हती, म्हणून साध्या पोलादावर भागवलं. त्या इंजिनाचं आयुष्य वर्षांत नव्हे, तासांत मोजायचं, दहा ते पंचवीस तास. चौदाशेच्या वर विमानं बनली, पण लढाईला उभी राहिली ती त्यातली थोडीच. आणि बनवली कुणी? ऑस्ट्रियात गुसेनच्या छळछावणीतल्या कैद्यांनी, जमिनीखाली खोदलेल्या बोगद्यांत, उपाशीपोटी. बोगदे खणतानाच त्यातले हजारो मेले. काकांच्या आरतीत हे कडवं नसतं. खेळाच्या माहितीपत्रकातही मला दिसलेलं नाही. तिथे असतं: वेग ८७०, तोफा चार.

जपानच्या कि-८४ हायातेचं तेच. जपान्यांच्या आकड्यांप्रमाणे वेग ताशी ३८८ मैलांच्या आसपास. अमेरिकेच्या युद्धकाळातल्या तांत्रिक गुप्तचर विभागाच्या पुस्तिकेत तोच ४२७. एकोणचाळीस मैलांचा फरक! हायातेच्या भक्तांना अर्थात ४२७ च 'खरा' वाटतो. पण १९४४ च्या शेवटी फिलिपिन्समध्ये उडणाऱ्या हायातेला ना धड पेट्रोल मिळत होतं, ना त्या किचकट इंजिनाला सांभाळणारे हात. चाकांच्या दांड्यांना नीट पाणी दिलेलं नसे, त्या उतरताना मोडत. कारखान्यांत शाळकरी पोरी कामाला लावल्या होत्या. ४२७ गेलं चुलीत, ३८८ तरी किती जणांना मिळाले असतील?

आणि जिंकणाऱ्यांचं सगळं आलबेल होतं असंही नाही. कुर्स्कच्या लढाईच्या महिनाभर आधी, जून १९४३ मध्ये, रशियन याक विमानांच्या पंखांवरचं आवरण तडकून सुटायला लागलं, कारण रंग-रोगण निकृष्ट होतं. खुद्द याकोव्हलेवने आपल्या आठवणींत लिहिलंय की स्तालिनने बोलावून घेऊन कसं झापलं. मग कारखान्यांतून माणसं पाठवून धावपळीत विमानं दुरुस्त झाली. खेळातलं याक मात्र कायम कालच शोरूममधून आणल्यासारखं गुळगुळीत.

आता थोडं आपल्या लोकांबद्दल. दुसऱ्या महायुद्धात आपलं हवाईदल बर्मा आघाडीवर हरिकेन उडवत होतं. युरोपात हरिकेन तोवर लढाऊ विमान म्हणून जुनाट ठरलेलं. उष्ण, धुळीच्या मुलखातल्या विमानांना नाकाखाली हवा गाळायचा भलामोठा डबा लागे, त्याने वेग आणखी कमी होई. १९४४ मध्ये इम्फाळला वेढा पडला तेव्हा अर्जन सिंग यांच्या हाताखालच्या १ नंबर स्क्वाड्रनची पोरं हीच विमानं घेऊन डोंगरदऱ्यांतून खाली-खाली उडत जपानी सैन्याच्या हालचाली टिपून आणत होती. अर्जन सिंगांना डीएफसी मिळालं ते त्या मोहिमेतल्या कामगिरीसाठी. खेळाच्या कोष्टकात हरिकेन कुठे दिसतं? तळाला. खेळाडू ते घेतच नाहीत, घेतलं तर चेष्टा होते. कारण खेळात विमानाचं काम एकच, दुसरं विमान पाडणं. जंगलाच्या पट्ट्यात रस्ता कुठे वळतो ते बघून, लक्षात ठेवून, जिवंत परत येऊन सांगणं, याला गुण नाहीत. आणि कोहिमा-इम्फाळला त्याच माहितीची गरज होती.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मग काय जुनी, खटारा विमानं देऊन लोकांना कंटाळा आणायचा? कोण विकत घेणार? बरोबर आहे. कुणी घेणार नाही कदाचित. मग नका करू! बुद्धिबळातल्या हत्तीला कुणी विचारत नाही की तू खऱ्या हत्तीसारखा सरळच का चालतोस. दोन्ही बाजूंना बरोबरीची संधी हवी म्हणून आकडे वाकवा, टाकी पाव भरा, नवी इंजिनं वाटा. खेळ म्हणून हे सगळं मला मान्य आहे. फक्त जाहिरातीतलं ते वाक्य काढा.

आणि काढायचं नसेल तर प्रत्येक आकड्याच्या खाली छापा: कुठल्या चाचणीतून घेतला, त्या दिवशी विमानाचं वजन किती होतं, पेट्रोल कुठलं, किती उंचीवर, पंखा कुठला. तुमच्याकडे ही माहिती असते, त्याशिवाय विमान बनवताच येत नाही. ती लपवून नुसता ३५४ दाखवता, म्हणून दोन पोरं रात्रभर भांडतात. ऐतिहासिक मोहीम म्हणून जे विकता, त्यात तरी टाकीचा पर्याय बंद करा. काले ते लंडन, भरलेली टाकी. आणि कालचं इंजिन आज परत द्या, तार तोडलेली असली तर तोडलेलीच. यातलं काहीच अवघड नाही. जो खेळ रेडिएटरची झडप दाखवू शकतो तो हेही दाखवू शकतो.

भाच्याला मी उत्तर दिलं नाही. फक्त सांगितलं, चारशे लिटर भरून घे, कालेहून निघ, बाँबफेक्यांच्या वेगाने लंडनला जा, तिथे दहा मिनिटं लढ आणि परत येऊन उतर. त्यानंतर मला फोन कर. (ताई, परीक्षा झाल्यावर सांगितलं, रागावू नकोस.) पहिल्या वेळी तो डोव्हरपर्यंतही परत आला नाही, कारण लंडनवर एका हरिकेनच्या मागे लागून अर्धा तास घालवला. दुसऱ्या वेळी लाल दिवा लागला तो खाडीच्या मधोमध. तिसऱ्या वेळी उतरला, पण सांगत होता की लढलोच नाही, लांबून स्पिटफायर दिसली आणि सरळ घरी वळलो. आता त्याला १९४० च्या सप्टेंबरमधलं जर्मनांचं पेट्रोलचं नियोजन वाचायचंय. माझ्याकडे मराठीत काही नाही. कुणाकडे असेल तर कळवा, झेरॉक्सही चालेल.